रिंगांचं काय ठरलं

२१ ऑक्टोबर, सोमवार

रोजगार कचेरीतल्या बाईंनी सांगितलंय, नोकरी सोडून पळावंसं वाटलं की आधी वहीत लिहायचं, मग पळायचं. शाळा सोडल्यापासून माझी एकही नोकरी हिवाळा ओलांडून टिकली नाही. बाई म्हणाल्या, "एतू, तुझे पाय तुझ्या डोक्याला न विचारता निघतात." म्हणून ही वही. आज पळावंसं वाटलं, म्हणून पहिलं पान.

मी पार दक्षिणेतल्या कोत्का बंदरावरचा. तिथून एवढ्या वर, उत्तरेतल्या सुओवारा नावाच्या गावात, टायरच्या दुकानात लागलोय. मालकांचं नाव आर्मास. साठीचे आहेत, एकटे राहतात. दिवसभरात ते जेवढं बोलतात त्याहून जास्त आमच्या बंदरावरचा माणूस शिंकतो. सकाळी 'हं' म्हणाले की कामाला लाग. दुपारी 'हं' म्हणाले की जेव. संध्याकाळच्या 'हं'चा अर्थ अजून लागलेला नाही, मी आपला घरी जातो.

दुकानामागच्या शेडला हॉटेल म्हणतात. गावाची हिवाळी चाकं उन्हाळाभर तिथे मुक्कामाला असतात आणि उन्हाळी चाकं हिवाळाभर. बोलणंही वेगळंच आहे इथलं. टायर सहसा कोणी म्हणत नाही. टायर चढवलेल्या अख्ख्या चाकाला रिंग म्हणतात. बर्फाला चावायला टायरात पोलादी खिळे ठोकलेले असतात, त्यांना आमच्या दक्षिणेत खिळेच म्हणतात, इथे खडे. गिऱ्हाईक आलं की विचारायचं, "रिंगा खड्यांच्या की साध्या?" मी पहिल्या दिवशी 'खिळ्यांचे टायर' म्हणालो तर माणूस माझ्याकडे बघतच राहिला, जणू मी लॅटिन बोललो.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

आज मालक माझ्याशी एकदम तीन वाक्यं बोलले.

लाकडाच्या गिरणीतला एक माणूस नवीन टायर घ्यायला आला. मी शिकवल्याप्रमाणे विचारलं, गाडी कुठली. मालकांनी मला हाताने बाजूला सारलं.

"सकाळी कुठल्या रस्त्याने जातोस?"

"तळ्याकडच्या."

"बर्फ काढणारी गाडी तुझ्या आधी जाते की नंतर?"

"नंतर. मी पोचल्यावर."

"घरापुढे चढ आहे?"

"आहे."

"खडे," मालक म्हणाले आणि संपलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "टायर गाडीला घ्यायचा नसतो. रस्त्याला घ्यायचा असतो."

दुपारी रेइनो नावाचा म्हातारा आला. त्याला फक्त डाव्या बाजूला खड्यांच्या रिंगा हव्या होत्या, कारण त्याच्या रस्त्याची डावी बाजू सावलीत असते, तिथेच बर्फ राहतो.

"आणि परत येताना?" मालकांनी विचारलं.

रेइनोने बराच वेळ विचार केला. "परत येताना ती उजवी होते."

"मग?"

"मग दोन घेतो, आणि तिकडे पोचलो की बदलून घेतो."

मालकांनी त्याला दार दाखवलं. तो गेल्यावर म्हणाले, "चारी सारख्या. दोन अशा दोन तशा घालून माझ्या दुकानातून शववाहिकासुद्धा बाहेर पडणार नाही." हे तिसरं वाक्य.

गुरुवारचं नेहमीचं वाटाण्याचं सूप होतं. आज पळावंसं वाटलं नाही, तरी लिहिलं.

२८ ऑक्टोबर, सोमवार

रेडिओवर बर्फाचा अंदाज सांगितला. मालक मला घेऊन हॉटेलात शिरले आणि बोटाने दाखवत गेले. या, या, या. ज्यांच्या रिंगा, त्यांना मी फोन करायचा आणि बदलून घ्यायला कधी येता ते विचारायचं.

चार रिंगांचा एक संच मात्र शेडमध्ये नव्हता. तो आतल्या उबदार खोलीत, लाकडी फळ्यांवर, धुऊन पुसून, वर चादर घालून ठेवलेला. इतक्या स्वच्छ रिंगा मी कारखान्यातून नव्या आलेल्याही पाहिल्या नाहीत.

"या कोणाच्या?"

"हिल्काच्या."

"त्यांनाही फोन करायचा?"

मालकांनी छताकडे पाहिलं. छताला काही झालेलं नव्हतं. "विचार," ते म्हणाले, "रिंगांचं काय ठरलं." मग झाडू घेऊन अंगण झाडायला गेले. अंगण मी सकाळीच झाडलं होतं.

बाकीच्यांचे फोन पटापट झाले. हिल्काबाईंना लावला.

"आर्मासच्या दुकानातून एतू बोलतोय. मालकांनी विचारलंय, रिंगांचं काय ठरलं?"

पलीकडे भांडं पडल्याचा आवाज झाला. मला वाटलं फोनच पडला.

"हे त्याने विचारलं?"

"हो."

"स्वतः?"

"मला विचारायला लावलं. ते फोनवर बोलत नाहीत."

"समोर तरी कुठे बोलतो," बाई म्हणाल्या.

"खड्यांच्या हव्यात की साध्या?"

त्या थोडंसं हसल्या. "साधीच. या वयात खडा कशाला? कामात अडकतो." त्या चारी रिंगांबद्दल मिळून एकवचनात बोलतात. इकडची पद्धत असेल.

"नंबर तोच ना, पंधरा?"

"पंधरा मी शाळेत असताना होता रे. आता सतरा. थंडीत सुजतं."

मी सांगितलं की थंडीत सुजत नाही, उलट आकसतं, म्हणून हवा थोडी जास्त भरायची. त्या म्हणाल्या, "तू नवीन आहेस ना इथे?" मग म्हणाल्या, "मला विचार करायला वेळ दे म्हणावं. बहीण तुर्कुला बोलावतेय कायमची. नाताळाआधीच्या आगमनाच्या पहिल्या रविवारपर्यंत सांगते."

तुर्कु दक्षिणेला, समुद्राकाठी; तिथे रस्ते बहुतेक ओले असतात, त्यामुळे तिकडे जायचं तर टायरचा वेगळा विचार करावाच लागतो. शहाण्या आहेत बाई.

मी अंगणात जाऊन निरोप दिला: विचार करून सांगतायत, साधी हवी, नंबर सतरा. मालकांचा झाडू थांबला. "हं," ते म्हणाले. हा 'हं' मी आधी ऐकलेला नव्हता.

२ नोव्हेंबर, शनिवार

काल संध्याकाळी बर्फ पडला. दरवर्षी याच सुमारास पडतो म्हणे आणि दरवर्षी सगळं गाव दचकतं. सकाळी दार उघडलं तर रांग थेट देवळापर्यंत. एक जण झोपायच्या कपड्यांवर कोट घालून आला होता. आज मृतांच्या स्मरणाचा दिवस, सगळ्यांना दफनभूमीत मेणबत्त्या लावायला जायचंय आणि सगळ्यांच्या रिंगा उन्हाळी.

दुपारी गावच्या नर्सबाई आल्या. त्यांच्या टायरांवरची नक्षी पुसून गुळगुळीत झालेली, मालकांनी अंगठ्याचं नख रबरात खुपसून बघितलं तर दगड. नवे त्यांच्या मापाचे संपलेले. मालकांनी स्वतःच्या गाडीसाठी ठेवलेल्या चारी हिवाळी रिंगा काढून त्यांना बसवून दिल्या.

"मग तुमची गाडी?" मी विचारलं.

"मला कुठे जायचंय."

गावभर टायर विकणाऱ्याची गाडी उन्हाळी रिंगांवर उभी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

५ नोव्हेंबर, मंगळवार

आज मला एकाने या नोकरीपायी मोजे दिले. म्हणजे एकीने. गावातलं दुकान लेम्पीआजी चालवते. पिठापासून मासेमारीच्या गळापर्यंत सगळं तिथे मिळतं आणि कोपऱ्यात कॉफीची दोन टेबलं आहेत. गावाची सभा तीच. मी आत शिरलो आणि बोलणी थांबली.

"काय रे पोरा," लेम्पीआजी म्हणाली, "हिल्काला विचारलंस म्हणे."

"हो. फोनवर."

"फोनवर. आमच्या वेळी कोट घालून जायचे."

मी म्हटलं, फोनवर बरं पडतं, दुकानात गर्दी असते. मला कॉफी मिळाली आणि तिच्याबरोबर बटाटा नि आंबट लाल बेरी भरलेली राईची छोटी भाकरी, न मागता.

"तिला साधी हवी म्हणते," लेम्पीआजी म्हणाली.

"साधी?" रेइनो म्हणाला. डाव्या बाजूचा रेइनो. "माणूस एवढ्या वर्षांनी तोंड उघडतो, तर खड्याची तरी घ्यावी."

"तिला साधीच शोभेल."

"शोभायचा प्रश्न नाही, टिकायचा आहे."

टायरचा विषय, आणि मी दुकानातला माणूस, म्हणून मी नीट समजावून सांगितलं. साधीचं रबर मऊ असतं, कडाक्याच्या थंडीत ती चांगली धरते. शून्याच्या आसपास, ओल्या बर्फावर, तिथे मात्र खडाच हवा. पण खडे आवाज करतात, झिजतात, आणि काही वर्षांनी गळून पडतात.

सगळे मन लावून ऐकत होते. "खरंय," रेइनो म्हणाला. "माझ्या बायकोचा तिसऱ्याच वर्षी गळला. सूपमध्ये सापडला."

टायरचा खडा सूपमध्ये कसा गेला हे मी विचारलं नाही. इथल्या लोकांच्या स्वयंपाकघराबद्दल आपण बोलू नये.

निघताना लेम्पीआजीने करड्या लोकरीचे मोजे माझ्या हातात कोंबले. "मध्यस्थाला मोजे द्यायचे असतात."

"मी नुसत्या रिंगा बसवतो, आजी."

"तेच तर," ती म्हणाली.

मोजे फार उबदार आहेत. या आठवड्यात पळायचं नाही असं ठरवलंय.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

हिल्काबाई दुकानात आल्या. घसरखुर्चीवरून आल्या. इथे म्हाताऱ्याकोताऱ्या हिवाळ्यात तीच वापरतात, खुर्चीखाली दोन लांब पोलादी पट्ट्या, मागे उभं राहून एका पायाने रेटा द्यायचा. अंगात देवळात घालायचा कोट होता. गाडी घरी ठेवून आल्या असणार, उन्हाळी टायरांवर उगाच कशाला काढा. अशी समंजस गिऱ्हाइकं कमी.

त्या गावच्या शाळेत स्वयंपाक करायच्या. वसंतात शाळा बंद झाली, पोरंच उरली नाहीत. लेम्पीआजी म्हणते, हिल्का गेली तर या गावात लापशी नीट करता येणारं कोणी राहणार नाही, आणि आर्मास तर सरळ मातीच खाईल.

मालक त्या वेळी हवा भरायच्या मशीनमागे काहीतरी शोधत होते. बराच वेळ शोधत होते.

"मला सांग," बाई मला म्हणाल्या, "नवीन घातल्यावर सांभाळायची कशी?"

मला हे पाठ आहे. "सुरुवातीला सावकाश घ्यायचं. एकदम ब्रेक नाही, एकदम वळणं नाही. तिला बसू द्यायचं. मग एकदा परत यायचं, आम्ही घट्ट करून देतो."

"बरं."

"आणि एप्रिलमध्ये काढून ठेवायची."

"काढायची?"

"कायदाच आहे. खड्याची तर काढावीच लागते, साधी तुम्ही ठेवू शकता, पण उन्हाळ्यात झिजते."

हिल्काबाईंनी मशीनकडे पाहिलं. मशीनच्या वर मालकांची टोपी दिसत होती. "त्याला सांग," त्या जरा मोठ्याने म्हणाल्या, "मी काढणार नाही. एकदा घातली की घातली."

"झिजेल," मी म्हणालो.

"झिजू दे."

मशीनमागून 'हं' ऐकू आला. बाई कोटाची बटणं लावून गेल्या. मी मालकांना म्हणालो, हे गिऱ्हाईक आपल्याला सगळ्यात जास्त वेळ घेतंय. मालकांनी मला स्वतःचं चीज सँडविच दिलं आणि स्वतः दुपारभर उपाशी राहिले.

१८ नोव्हेंबर, सोमवार

आज मी विचार केला, बाईंच्या जुन्या रिंगा घरी नेऊन गाडीला लावून बघू, पंधरा की सतरा ते कळेल. मालक काजानी शहरात गेले होते, बसने, कशाला ते सांगितलं नाही. मी दुकानाच्या हातगाडीवर चारी रिंगा घालून त्यांच्या घरी नेल्या. बाई घरी नव्हत्या. गाडी ठेवायच्या खोलीचं दार ढकललं.

आत छतापर्यंत जळाऊ लाकूड रचलेलं. गाडी नाहीच. अंगणात नाही, मागे नाही. बर्फावर फक्त घसरखुर्चीच्या दोन रेघा.

तसाच लेम्पीआजीकडे गेलो. "आजी, हिल्काबाईंची गाडी कुठाय?"

"जूनमध्ये विकली की. घेणाऱ्याकडे हिवाळी रिंगा होत्या, तिच्या तशाच राहिल्या तुमच्याकडे."

"मग नवीन रिंगा कशाला हव्यात?"

आजीने माझ्याकडे जाळ्यात चुकून आलेल्या बुटाकडे बघावं तसं पाहिलं. "रिंग, पोरा. बोटातली."

मी खाली बसलो.

"इथे नवरदेव बोलत नाही," आजी मला लहान मुलाला सांगावं तसं सांगू लागली. "मध्यस्थ बोलतो. नवरदेव शेजारी उभा राहून टोपी फिरवतो. तू विचारलंस ना तिला? मग?"

मग एकेक गोष्ट आठवली. सतरा, थंडीत सुजतं, साधीच शोभेल, सूप. मी त्या बाईला सांगितलं होतं की परत या, घट्ट करून देतो.

मी तिथेच बूट काढले, मोजे काढले आणि आजीपुढे ठेवले. "घातलेले मोजे परत घेत नाहीत," ती म्हणाली. मी परत घातले. रिंगा परत आतल्या खोलीत नेऊन वर चादर घातली.

२० नोव्हेंबर, बुधवार

पळावंसं वाटतंय. एवढं कधीच वाटलं नव्हतं.

मालकांनी तीस जणांना रिंगांचं विचारायला सांगितलं, मी त्या तीस जणांत एका बिनगाडीच्या बाईंनाही विचारलं. आतल्या खोलीत रिंगा पडून होत्या म्हणून मालक 'विचार' म्हणाले, त्यांच्या काय लक्षात राहणार कोणी कधी गाडी विकली ते. आणि त्या बाई तीन आठवडे रात्रंदिवस विचार करतायत. बहिणीकडची तयार खोली सोडतील आणि आगमनाच्या रविवारी येऊन मालकांना 'हो' म्हणतील, आणि मालक म्हणतील, कशाला हो? सगळ्या गावादेखत. त्या माणसाला 'नाही' म्हणायलाही शब्द सापडणार नाहीत.

कोत्काची गाडी काजानीहून सुटते. पण मोजे पायात आहेत. आधी सांगायचं, मग पळायचं.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

सांगितलं.

हिल्काबाईंनी मला स्वयंपाकघरात बसवलं, कॉफी ओतली. मी एका दमात बोललो. टायरच्या रिंगा होत्या. हॉटेलात ज्यांच्या आहेत त्या सगळ्यांना विचारायचं असतं. मला तुमची गाडी विकलेली माहीत नव्हतं. मालकांची काही चूक नाही, मी गाढव आहे.

"म्हणजे त्याने सगळ्यांनाच विचारलं," त्या म्हणाल्या.

"दरवर्षी विचारतात."

त्यांनी माझ्या ताटलीत अजून एक भाकरी वाढली. "खा. गार होतेय." मग खिडकीतून तळ्याकडे बघत म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस. रविवारच्या बसने निघते मी. अजून एक आठवडा थांबून काय करायचं."

त्या रडल्या नाहीत, रागावल्या नाहीत. कॉफीचे कप धुतले, एकावर एक ठेवले, मग परत खाली काढले आणि वर्तमानपत्रात गुंडाळू लागल्या. मीही मदत केली. बाहेर पडलो तेव्हा एकदम हलकं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी वेळेवर खरं बोललो आणि सगळं निस्तरलं. मालकांना आता काही सांगायची गरजही नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

सगळं लिहितो. 

काल रात्रभर बर्फावर पाऊस पडला आणि पहाटे गोठला. सकाळी रस्ता काचेसारखा. मी दुकानात विसरलेले हातमोजे आणायला गेलो तर मालक आरशापुढे उभे. पांढरा शर्ट, हनुवटीवर दाढी करताना कापलेलं. रविवारी. दुकान बंद असताना.

"शर्ट कसा दिसतो?" त्यांनी विचारलं. "पुढच्या रविवारी घालायचाय. आज बघून ठेवतो."

पुढचा रविवार आगमनाचा. म्हणजे यांच्याही कानावर गेलंय आणि आता बिचारे माणुसकीपोटी शर्ट घालून बाईंना तोंड देणार. मी म्हणालो, "मालक, त्याची गरज नाही. मी बाईंना खरं सांगून टाकलं. की ते टायरचं होतं आणि तुम्ही सगळ्यांनाच विचारता. त्या आज दुपारच्या बसने तुर्कुला चालल्यात."

मालकांच्या चेहऱ्याचा रंग शर्टाच्या रंगाला जाऊन मिळाला.

"बस कुठून?"

"मोठ्या रस्त्यावरच्या थांब्यावरून."

मला वाटलं, माफी मागायला निघालेत. भला माणूस. पण गाडी उन्हाळी रिंगांवर, आणि थांबा सहा किलोमीटर, मधे देवळाचा उतार. हॉटेलात धावलो. हिल्काबाईंच्या रिंगा लहान; मालकांच्या गाडीच्या मापाच्या खड्यांच्या रिंगा उरल्या होत्या फक्त दोन.

"या पुढे घालू," मी म्हणालो, "मागे उन्हाळी राहू देत. एकदाच तर जायचंय."

मालक त्या दोन रिंगांकडे बघत उभे राहिले. त्यांचा हात जॅककडे गेला. मी स्वतः पाहिलं, गेला. मग परत आला.

"पुढचं धरेल आणि मागचं फिरून पुढे येईल," ते म्हणाले. "दोन अशा दोन तशा नाहीत."

"मालक, बस जाईल."

"तू शेजारी बसणार आहेस ना?"

"हो."

"मग नाहीत."

आणि त्यांनी भिंतीवरची घसरखुर्ची काढली.

मी थोडा वेळ शेजारी पळालो, तीनदा आपटलो, मग त्यांनी मला खुर्चीत बसायला लावलं आणि मागून रेटा देऊ लागले. पांढरा शर्ट, वर कोट उघडा, साठीचा माणूस. चढावर मी उतरून ढकलायचो. देवळाच्या उतारावर लोक नुकतेच प्रार्थनेहून बाहेर पडत होते. सगळे दोन्ही बाजूंना झाले. वरात जाते तसे आम्ही मधून गेलो, फक्त फार वेगाने. रेइनो ओरडून म्हणाला, "आर्मास, उतारावर पाय टेक, पाय." मालकांनी टेकला नाही.

थांब्यावर पोचलो तेव्हा बस उभी होती. बर्फामुळे तीही उशिरा आलेली. चालकाने बाईंची पेटी आत घेतली होती आणि बाईंचा एक पाय पायरीवर होता. आम्ही थांबलो, म्हणजे बसच्या मागच्या चाकाला आपटून थांबलो.

"याला कशाला आणलंस?" हिल्काबाईंनी मला विचारलं.

"माफी मागायला आलेत," मी म्हणालो.

मालकांनी मान हलवली, नाही अशी. त्यांना धाप लागली होती, त्यामुळे आज न बोलायला निदान कारण होतं.

"एतू म्हणाला, तू सगळ्यांना विचारतोस," बाई म्हणाल्या.

"विचारतो."

"दरवर्षी."

"दरवर्षी."

"मग झालं तर." त्यांनी दुसरा पाय उचलला.

मालकांनी टोपी काढली. हातात दोनदा फिरवली. "बाकीच्यांना गाडी आहे," ते म्हणाले.

बाईंचा पाय हवेतच राहिला.

"मालक, म्हणजे तुम्हाला माहीत होतं की त्यांची..." मी सुरुवात केली.

"तू गप्प बस," दोघं एकदमच म्हणाले.

बसमधले सगळे खिडकीशी आले होते. एकाने काचेवरची वाफ पुसली.

"माहीत होतं तर असं का विचारलंस?" हिल्काबाई म्हणाल्या. "आणि याच्या तोंडून? याला काही कळत नाही."

"म्हणूनच." मालक थांबले. मला वाटलं संपलं. पण ते पुढे बोलले, आणि एवढं लांब मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं. "कळणाऱ्याने विचारलं असतं तर तुला उत्तर द्यावं लागलं असतं. हा टायरचंच विचारणार होता. नको असतं तर तू म्हणाली असतीस, गाडी विकली. मी म्हणालो असतो, विसरलोच. दोघांनाही उद्या दुकानात समोरासमोर उभं राहता आलं असतं."

बसचं इंजिन घरघरत होतं.

"पण मी तसं म्हणाले नाही," हिल्काबाई म्हणाल्या.

"नाही."

"मी नंबर सांगितला."

"हो."

"बाई," चालक आतून म्हणाला, "चढताय का उतरताय? गरम हवा सगळी बाहेर चाललीय."

हिल्काबाईंनी मालकांकडे पाहिलं. कापलेल्या हनुवटीकडे, मग शर्टाकडे. मग चालकाला म्हणाल्या, "दादा, ती पेटी खाली द्या."

पेटी खाली आली. आतल्या कोणीतरी हळूच टाळी वाजवली, मग त्यालाच लाज वाटली असावी, थांबला. बस गेली. रस्त्यावर आम्ही तिघं, एक पेटी आणि एक घसरखुर्ची. खुर्चीत एकच जण बसू शकतो. मालकांनी बाईंना खूण केली. बाईंनी मला खूण केली, मी आपटून लंगडत होतो म्हणून. मी मालकांना खूण केली, ते दमले होते म्हणून. असं बराच वेळ चाललं.

शेवटी पेटी खुर्चीत बसली आणि आम्ही तिघं चालत आलो. सहा किलोमीटर. मालक आणि हिल्काबाई दोन बाजूंनी खुर्चीचा दांडा धरून, मी मागे. वाटेत त्या दोघांत टायरबद्दल एक शब्द झाला नाही. दुसऱ्या कशाबद्दलही नाही. मालक बसने काजानीला कशाला गेले होते, ते मात्र मला आता न सांगता कळलं: साधी, नंबर सतरा.